केटीचे मार्क कुठे जातात?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले चार निवडलेत आणि चारही एकाच दुखण्याचे आहेत, पेपर एकदा राहिला म्हणजे केटी लागली, परत दिला, आता डिग्रीवर त्याचं काय होणार. कॉलेजात शिकवत होतो तेव्हा बरीच वर्षं परीक्षेचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे ही भीती मी शेकडो पोरांच्या तोंडावर पाहिलीय. पाठवणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, गावंही मोघमच ठेवलीत.

प्रश्न : सर, मी यावल तालुक्यातली आहे, बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी दुसऱ्या सेमला गणित राहिलं, तेव्हा पप्पांचं ऑपरेशन झालं होतं आणि केळीची कटाई माझ्यावर आणि आईवरच होती. दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीचा एक पेपर गेला. गणित परत दिलं तेव्हा काठावर निघालं, केमिस्ट्रीला मात्र चांगले मार्क पडले. मैत्रिणी सांगतात केटीवाल्यांना फर्स्ट क्लास देतच नाहीत, डिग्रीवर शिक्का येतो. आई रोज विचारते, आते काय व्हई? मला बी.एड. करायचंय.

उत्तर : बेटा, आधी आईला सांग की काही व्हत नई. केटी लागली म्हणून फर्स्ट क्लास देत नाहीत ही गोष्ट मी तीस वर्षं ऐकतोय आणि तीस वर्षं ती खोटीच आहे. एटीकेटी म्हणजे टर्म चालू ठेवायची परवानगी, तेवढंच, त्याला शिक्षा समजू नकोस. डिग्री सर्टिफिकेटवर सहसा तुझं नाव, विषय, वर्ष आणि क्लास किंवा ग्रेड एवढंच असतं, किती वेळा पेपर दिला ते तिथे छापत नाहीत. गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष असतं, त्यावरून जाणकार माणसाला कळतं की हा पेपर नंतर दिलाय, पण त्याने तुझा क्लास बदलत नाही.

क्लास बदलतो तो मार्कांनी, आणि इथेच बहुतेक पोरं चुकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. आता सगळीकडे क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट आहे. यूजीसीच्या दहा पॉइंटच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे नुसता पास ४, आणि एफ म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, हा झाला त्या सेमचा एसजीपीए. सगळ्या सेमचा मिळून असाच काढला की सीजीपीए.

आता तुझंच दुसरं सेम घेऊ, आकडे मी समजुतीसाठी धरतोय. एकूण २२ क्रेडिट, त्यात गणित ४ क्रेडिटचं, आणि गणित सोडून बाकी सगळ्या विषयांची बेरीज १३८ पॉइंट. गणितात एफ असताना १३८ भागिले २२, म्हणजे ६.२७ (बऱ्याच विद्यापीठांत विषय निघेपर्यंत हा आकडा छापतच नाहीत). तू काठावर पास झालीस, पी मिळाला, चार चोक सोळा, झाले १५४, म्हणजे बरोबर ७.००. तोच पेपर तू बी प्लस ने काढला असतास तर १६६, म्हणजे ७.५५. एका सेममधे हा फरक डोळ्यात भरतो ना? पण सहा सेमचे १३२ क्रेडिट धरले तर त्याच बारा पॉइंटचा फरक बारा भागिले १३२, म्हणजे ०.०९ एवढाच. एका पेपरने कुणाची डिग्री बुडत नाही. तीन-चार पेपर काठावर काढले तर मात्र हेच ०.०९ चौपट होतं, आणि ज्याचा आकडा क्लासच्या रेषेवर आहे त्याला ते खाली ओढतं.

म्हणून मी पोरांना नेहमी बजावत आलो की राहिलेला पेपर नुसता काढायला जाऊ नका, त्यात मार्क कमवायला जा. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत दुसऱ्या वेळी मिळालेले मार्क पूर्णच्या पूर्ण धरतात, कापत नाहीत. तरी नव्वद टक्के मिळवतील असं वाटणारी पोरंसुद्धा बॅकच्या पेपरला चाळीसचा हिशोब करून बसतात, तीन युनिट करतात, दोन सोडून देतात. तू केमिस्ट्रीला तसं केलं नाहीस हे फार चांगलं झालं, त्या मार्कांनी गणिताची भरपाई केलीय.

एक प्रसंग सांगतो. निकालानंतर एक पोरगी आणि तिची आई चोपड्याहून पहिल्या एसटीने आल्या होत्या, सगळ्या गुणपत्रिका लग्नपत्रिकेच्या पाकिटात, पाकिटावर हळदीचा डाग तसाच. पोरगी टेबलाशी उभीच, बसायला तयार नाही, तिच्या डोक्यात पक्कं की आपल्याला पास क्लास मिळणार. मी पेन्सिल घेऊन एकेका विषयापुढे गुणाकार लिहीत गेलो, तिला बेरीज करायला लावली, दोन केट्या होत्या त्या मुद्दाम तिच्याकडूनच मांडून घेतल्या. आकडा आला ६.९८, पास क्लासच्या बराच वर. तिने दोन वेळा बेरीज तपासली, मग पहिल्यांदा खुर्चीवर बसली. आईने काही विचारलं नाही, पाकीट परत पिशवीत ठेवलं आणि पाणी मागितलं. तू पण आज रात्री हेच कर, वही घे आणि स्वतःचा आकडा स्वतः काढ, मैत्रिणींना विचारू नकोस.

बी.एड.साठी आपल्या राज्यात खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४५ टक्के लागतात आणि सीईटी द्यावी लागते, केटी किती होत्या हे तिथे कुणी विचारत नाही. केटीने खरंच जातं ते सुवर्णपदक आणि मेरिट लिस्ट, त्यासाठी सहसा सगळे पेपर पहिल्याच फटक्यात निघालेले लागतात. ते आता तुझ्या हातात नाही, सोडून दे.

आणखी दोन गोष्टी याच्याशी जोडून. घरातले काका-मामा सांगतात की पहिल्या वर्षाचे मार्क धरत नाहीत, ते त्यांच्या काळात काही कोर्सना खरंही होतं, क्लास शेवटच्या वर्षावर ठरायचा. सीजीपीएत पहिल्या सेमपासून सगळं धरतात, त्यामुळे धाकट्या भावंडांना हे सांगून फसवू नका. दुसरं, नव्या धोरणात चार वर्षांची ऑनर्स विथ रिसर्च डिग्री आलीय, तिला पहिल्या सहा सेममधे ७५ टक्के लागतात, आणि तिथे काठावर काढलेले दोन पेपर आड येऊ शकतात. वेळेचं म्हणशील तर डिग्री पूर्ण करायला जास्तीत जास्त ७ वर्षं दिलीत, पण तेवढा वेळ आहे म्हणून पेपर मागे ढकलू नयेत. आपल्याकडे हिवाळी परीक्षा कापूस वेचणीच्या आणि दिवाळीच्या तोंडावर येते, घरात माणूस कमी असतं, तेव्हा चालू सेमचे पेपर आणि वरून जुने दोन असं ओझं झालं की जुना पेपर निघतो पण चालूचे चार घसरतात. केटीचं खरं नुकसान मी इथे होताना पाहिलंय. घरच्यांशी आधीच बोला, परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस मागून घ्या. पोरींना तर हे मागताना फार संकोच वाटतो, पण मागा.

प्रश्न : सर, धुळ्याला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एम-३ चा (गणित-३ चा) बॅक होता तो निघाला, चौथ्या सेमचा एक ४ क्रेडिटचा विषय अजून लाइव्ह आहे, म्हणजे निघालेला नाही. आत्तापर्यंत १०० क्रेडिट झालेत आणि एफचं शून्य धरून माझा सीजीपीए ६.६८ येतोय. कंपन्या साठ टक्के आणि नो लाइव्ह बॅक म्हणतात. मित्र म्हणतो ड्रॉप घे आणि सगळं नीट कर. काय करू?

उत्तर : ड्रॉप अजिबात घेऊ नकोस भाऊ. तुझा ६.६८ त्या शून्यासकट आहे हे लक्षात घे. १०० क्रेडिटचे ६६८ पॉइंट झाले, तोच विषय नुसता पी ने जरी निघाला तरी ६८४, म्हणजे ६.८४. सी आला तर ६.८८. आणि एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के धरतात, ६.२५ म्हणजे ५५ आणि ७.७५ म्हणजे ७०. म्हणजे एक विषय काढला की तू रेषेच्या वर आहेस, त्यासाठी वर्ष घालवायचं काही कारणच नाही. फक्त टक्केवारीचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं आहे, कुठे सरळ दहाने गुणतात, म्हणून फॉर्मवर टक्के लिहिताना तुझ्या विद्यापीठाने छापलेलं सूत्रच वापर आणि त्याचं कन्व्हर्जन सर्टिफिकेट काढून ठेव, नाहीतर डॉक्युमेंट तपासताना अडकशील.

कंपनी लाइव्ह बॅक बघते ती जॉइनिंगला डिग्री हातात असेल का या काळजीने. निघालेला बॅक, पोरं ज्याला डेड बॅक म्हणतात, तो बऱ्याच ठिकाणी चालतो. मुलाखतीत विचारलं तर लपवू नकोस, विषय कोणता, का गेला, परत कसा काढला हे दोन वाक्यांत सांग. मी पाहिलंय, जो पोरगा एम-३ दुसऱ्यांदा देऊन नीट शिकला त्याला तो विषय नंतर चांगला येतो.

रिव्हॅल्युएशनचं विचारशील म्हणून सांगतो, आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी माग, विषयाच्या सरांसमोर बसून बेरीज बघ, एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का बघ, आणि काही सापडलं तरच पुढे पैसे भर. पण निकालाची वाट बघत फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला असं करू नकोस, दोन्ही भर. दरवर्षी या एका चुकीने पोरांची वाय.डी. (इयर डाउन, वर्ष वाया) झालेली मी पाहिलीय.

आणि विषय निघाल्यावर एक काम विसरू नकोस. माझा स्वतःचा एक पेपर शेवटच्या वर्षी राहिला होता, सहा महिन्यांनी चांगल्या मार्कांनी निघाला, मी निर्धास्त. एकत्रित गुणपत्रिका हातात आली तर त्यात जुनेच मार्क, पुढे जुनंच नापास. नवा निकाल वरच्या रजिस्टरमधे चढलाच नव्हता. दुरुस्तीसाठी मी किती खेपा घातल्या ते मोजलं नाही, पण तोपर्यंत पुढच्या प्रवेशाची तारीख निघून गेली आणि माझं एक वर्ष गेलं, वडिलांना काय सांगावं हे कळत नव्हतं. तेव्हापासून सांगतो, हॉलतिकीट, फॉर्म भरल्याची पावती आणि प्रत्येक वेळची गुणपत्रिका जपून ठेवा, आणि नवे मार्क जुन्याच्या जागी चढलेत का हे निकालानंतर लगेच पोर्टलवर बघा, नसतील तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगून आलो याला काही अर्थ नसतो.

प्रश्न : नमस्कार सर, चाळीसगावहून लिहितोय. एम.ए. मराठी झालंय, १६०० पैकी ८७४, म्हणजे ५४.६२ टक्के. दुसऱ्या सेमला एका पेपरात ३ मार्कांचा ग्रेस (पास व्हायला दिलेले वाढीव मार्क) मिळाला होता. मी ओपनचा आहे. नेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला) ५५ टक्के लागतात, ५४.६२ चे ५५ धरतील ना?

उत्तर : नाही धरणार, आणि हे मला फार वाईट वाटून लिहावं लागतंय. यूजीसी नेटच्या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलंय की ५५ टक्के राउंड न करता हवेत. राखीव गटांना, म्हणजे एससी, एसटी, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के आहेत, पण तुम्ही ओपन म्हणताय म्हणजे तुम्हाला ८८० मार्क हवेत. सहा मार्क कमी पडलेत.

तुमच्या मनात येईल की वरच्या क्लाससाठी पण ग्रेस असतो, मग मला का नाही दिला. असा नियम आहे, मुंबई विद्यापीठात एकूण मार्कांच्या एक टक्का किंवा १० मार्क यातलं जे कमी ते देऊन वरचा क्लास देतात, पण तो फक्त ग्रेस किंवा कंडोनेशन (कमी पडलेल्या मार्कांची माफी) न घेता सगळे विषय काढणाऱ्याला. तुमच्या बाबतीतही अडचण त्या दुसऱ्या सेमच्या ३ मार्कांचीच दिसतेय. ग्रेसने पास होताना पोरांना फार हायसं वाटतं, पण पुढे क्लासच्या वेळी तो असा आडवा येतो हे त्यांना कुणी सांगतच नाही, आणि मला वाटतं हे प्रत्येक कॉलेजने पहिल्या वर्षीच फळ्यावर लिहून सांगायला हवं.

आता करायचं काय. श्रेणीसुधार म्हणून सोय असते, क्लास इम्प्रूव्हमेंट म्हणतात, म्हणजे पास झालेल्या माणसाने मार्क वाढवण्यासाठी ठराविक पेपर परत द्यायचे. किती वर्षांच्या आत, किती पेपर, किती वेळा, हे प्रत्येक विद्यापीठाच्या अध्यादेशात असतं. तुम्ही जळगावच्या आपल्या विद्यापीठाचे, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे असाल तर परीक्षा विभागात प्रत्यक्ष जा, बांभोरीला उतरून, फोनवर अर्धीच माहिती मिळते. तीन गोष्टी विचारा : तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम अजून चालू आहे की नवा लागलाय, मार्क कमी पडले तर जुने कायम राहतात का, आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती. दुसरं काही विचारायच्या आधी हेच विचारा, कारण अभ्यासक्रम बदलला असेल तर जुन्या पेपरच्या परीक्षा काही सत्रांपुरत्याच घेतात आणि मग संपतं.

पेपर निवडताना आवडता विषय घेऊ नका, सर्वात कमी मार्कांचा घ्या. ज्याला ४१ आहेत तो ५० ला नेणं सोपं, ज्याला ६८ आहेत तो ७५ ला नेणं कठीण. जमलं तर दोन पेपर द्या, एक घसरला तर दुसरा हाताशी राहील. सहा मार्क म्हणजे एखादा दीर्घोत्तरी प्रश्न नीट लिहिला तरी सुटतो, तुम्ही तर मराठीचे आहात. आणि सुधारित गुणपत्रिका हाती येईपर्यंत नेटच्या फॉर्मवर ५५ लिहू नका. शेवटच्या टप्प्यावर कागद तपासतात तेव्हा पास झालेली नेट हातातून जाते.

प्रश्न : सर, शहाद्याहून लिहितोय, शेती आहे. मुलगा इंग्लंडला एम.एस्सी. करतोय, कर्ज काढून पाठवलाय. एक विषय गेला, परत परीक्षा दिली, तो म्हणतो पेपर मस्त गेला पण मार्क ५० च लागणार. हे कसं? तो आम्हाला फसवत तर नाही ना?

उत्तर : भाऊसाहेब, पोरगा खरं बोलतोय. तिथली पद्धत आपल्यासारखी नाही. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत फेरपरीक्षेचे मार्क पासच्या रेषेवर अडवतात, पदवीला ४० आणि एम.एस्सी.ला ५०. पेपरात ७२ पडले तरी हिशोबात ५० च. पहिल्यांदा पास झालेल्यांवर अन्याय नको अशी त्यांची भूमिका आहे.

पण त्याने आभाळ कोसळत नाही. तिथे एम.एस्सी. १८० क्रेडिटची असते, एक विषय बऱ्याचदा १५ क्रेडिटचा. ६५ च्या जागी ५० धरले तर १५ मार्क गुणिले १५ भागिले १८०, म्हणजे सरासरीत सव्वा मार्क गेला. डिस्टिंक्शनला साधारण ७०, मेरिटला ६० आणि पासला ५० लागतात. प्रबंध म्हणजे डिझर्टेशन बरेचदा ६० क्रेडिटचं असतं, तुमच्या मुलाचा क्लास आता तिथे ठरणार आहे, त्याला सांगा सगळा जोर तिकडे लाव.

एक गोष्ट त्याला आजच विचारा. पहिल्या परीक्षेच्या वेळी तो आजारी होता का, किंवा घरात काही दुःखद झालं होतं का? तसं असेल आणि डॉक्टरचा कागद असेल तर तिथे मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेसचा अर्ज असतो, तो मंजूर झाला तर ती फेरपरीक्षा पहिलीच धरतात आणि मार्क अडवत नाहीत. या अर्जाला मुदत कडक असते, लाजून गप्प बसलेली आपली पोरं तिथेच मागे पडतात. आणि नोकरीसाठी मागे थांबायचं असेल तर ग्रॅज्युएट रूटचा व्हिसा अर्ज कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने तिकडच्या सरकारला कळवल्यावरच करता येतो, तेही हातातला स्टुडंट व्हिसा संपायच्या आत. फेरपरीक्षेचा निकाल कोणत्या तारखेला लागतो आणि व्हिसा कोणत्या तारखेला संपतो, या दोन तारखा त्याच्याकडून लिहून घ्या. त्यात अंतर कमी असेल तर त्याने विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला याच आठवड्यात भेटावं.